मीठ तुमचं, वास त्यांचा

हुक्केरी बाईंनी आमच्या घरचं पाणी कितीतरी वर्षं तोंडाला लावलं नाही. आमच्याच नव्हे, गल्लीतल्या कुणाच्याच. माणूस दारात आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा, ही आमची रीत. बाई तांब्याकडं बघायच्या, हात जोडायच्या आणि खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट घ्यायच्या. हे आमच्या घरी खपणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझी बायको अंबू स्वयंपाकघरातून मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमचं पाणी चालत नाही बाईला, आणि आमची माती हुंगायला चालते."

कारण बाई खरंच माती हुंगायच्या. लोखंडाचा पिळाचा गिरमिट जमिनीत फिरवायचा, वर काढायचा, त्याला लागलेली माती चिमटीत घ्यायची, डोळे मिटायचे आणि नाकाशी धरायची. देवळात अंगाऱ्यापुढं मान लववावी तशी मान लववून. मग डोळे उघडून म्हणायच्या, "माझं मत अजून झालं नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की अजून कानात आहे. अंबूनं चिवडा पुढं ठेवला आणि विचारलं, कसा झालाय. बाई मूठभर खाऊन म्हणाल्या, "मत अजून झालं नाही. अजून स्वल्प घाला." माझ्या थोरल्या जावयाला बघून मी विचारलं, माणूस कसा वाटला. तेच उत्तर. पुढं त्या जावयाचं काय झालं ते इथं सांगत नाही, पण बाईंनी घाई केली नाही हे बरं केलं.

अंबू ह्या पावसाच्या आधी गेली. दिवसांना लोक आले, चांगलं बोलले, जेवून गेले. तिच्याबद्दल बोलताना सगळे एकच म्हणत होते, घर सांभाळलं, मुलं वाढवली. ते खरंच आहे. पण तिला आणखी एक गोष्ट येत होती, आणि ती एकाच बाईनं ओळखली होती. त्या बाईबद्दल लिहायचं माझ्या मनात कधीपासून होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. मराठी आमची घरातली. तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नका.

मी रंगारी. आमची भट्टी चिकपेटच्या मागच्या अंगाला, एका चढाच्या गल्लीत, अगदी वरच्या टोकाला. लोक कारखाना म्हणत. होते तांब्याचे हंडे, एक चुलाण आणि अंगणभर दोऱ्या. आजोबांनी सुरू केलेलं काम. चिकपेटच्या दुकानांच्या सुती साड्या आमच्याकडं रंगायला यायच्या. अंगणात विहीर, विहिरीवर मोटर. रंगाऱ्याला रंगापेक्षा पाणी जास्त लागतं. गल्लीत बाकीच्यांच्याही जुन्या विहिरी होत्या, परसात, घरटी एक म्हणाल तर चालेल. गल्लीच्या खालच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर रुद्रप्पाचा पेट्रोल बंक, म्हणजे पेट्रोल पंप होता. तो बरीच वर्षं बंद होता. पत्रे ठोकलेले, आत गवत. तिथं लग्नाचा हॉल बांधायचं त्याच्या मनात होतं.

नव्वदनंतरची गोष्ट. नक्की साल मला सांगता यायचं नाही. पाण्याला वास येतोय हे आधी अंबूला कळलं. मला कळायचा प्रश्न नव्हता. जन्मभर रंगाच्या वाफेत आणि तपकिरीत गेलेलं नाक माझं, ते चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं. ती म्हणाली, "पाण्याला गाडीचा वास येतो." मी मोटर खोलून बघितली. मोटर ठीक होती. मग एक दिवस चिकपेटच्या शेठनं साड्यांचा गठ्ठा परत पाठवला आणि मागोमाग स्वतः आला.

"गोविंदराव, ही साडी बाईनं नेसायची आहे, लॉरीत घालायची नाही."

तोपर्यंत गल्लीतही बोलणं सुरू झालं होतं. शेजारची नंजम्मा सरळ दारात उभी राहून म्हणाली, "गोविंदण्णा, तुझा रंग आमच्या विहिरीत उतरलाय. तू वर, आम्ही खाली. पाणी कुठं जाणार?" तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. शिवाय चुलाण पेटवायला मी रॉकेल वापरायचो, त्याचा पिंप सगळ्यांना दिसेल असा अंगणात. गल्लीनं मिळून अर्ज केला. कार्पोरेशनचा माणूस आला आणि सांगून गेला की तपास होईल, दोष निघाला तर भट्टीला कुलूप.

आजोबांची भट्टी. मला दुसरं काही येत नव्हतं. त्या दिवसांत मी जेवायला बसायचो आणि उठायचो, मधे काय खाल्लं ते आठवत नाही.

तपासाला सरकारी भूजल खात्यातून ज्या आल्या त्या हुक्केरी बाई. बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती साडी वर खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. मोपेडवरून यायच्या बनशंकरीहून, आणि तो लांबलचक गिरमिट मोपेडला आडवा बांधलेला. गल्लीत शिरताना दोन्ही बाजूंची माणसं भिंतीला चिकटायची. मूळच्या निपाणीकडच्या. तिकडच्या बायकांसारखं बाई असून "मी येतो", "मी जातो" म्हणायच्या. अंबूला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. मला मात्र पहिल्याच दिवशी धीर आला की चला, आपल्या भाषेचं माणूस आहे, आपली बाजू समजून घेईल.

ते मी माझ्या मनानं धरलं होतं. बाईंनी तसं काही म्हटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी नुसती विचारपूस केली. वास कधीपासून, पावसात जास्त की उन्हात, सकाळी की संध्याकाळी. पुरुष एकमेकांकडं बघायचे. अंबू दाराआडून म्हणाली, "सकाळी पहिल्या घागरीला जास्त. मोटर चालू राहिली की मग तेवढा नाही. आणि उन्हाळ्यात विहीर खाली गेली की डोकं धरतं."

बाई वळल्या. "अक्का, बाहेर या की. मला हेच पाहिजे होतं."

तेव्हापासून त्या आल्या की आधी अंबूला हाक मारायच्या.

मग बाटल्यांचा घोळ झाला. पाण्याचे नमुने न्यायचे होते, आणि नेमकी बाईंची आई निपाणीला आजारी पडली. जाताना त्या काचेच्या बाटल्या घरोघर देऊन गेल्या. उद्या सकाळी भरून ठेवा, ऑफिसचा माणूस येऊन नेईल. बाटल्या गेल्या, आठवड्यांनी उत्तर आलं. सगळ्या विहिरी स्वच्छ. एकाच विहिरीत पेट्रोलचा अंश, तीही खालच्या टोकाच्या वेंकटेशची. हा वेंकटेश पोस्टात होता, एकटा राहायचा आणि केर काढायचा तो सणाला.

गल्लीला आनंद झाला. पाणी चांगलं आहे! म्हणजे वास विहिरीचा नाहीच, वाऱ्यावर येतो, गोविंदण्णाच्या भट्टीतून. आणि वेंकटेशचं काय, त्याच्या घरात काय काय पडलं असेल कोण जाणे. कार्पोरेशनचा माणूस पुन्हा आला आणि ह्या खेपेला त्यानं भट्टीचं दार किती रुंद आहे ते डोळ्यानं मोजलं.

बाई निपाणीहून परतल्या, कागद वाचला आणि तडक गल्लीत आल्या. कुणावर ओरडल्या नाहीत. आमच्या विहिरीच्या काठावर बसल्या आणि अंबूला विचारलं, "अक्का, बाटली कशी भरली ते मला पहिल्यापासून सांगा."

अंबूनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. आदल्या दिवशी पाणी काढलं. धोतराच्या चार पदरी घडीतून गाळलं. पितळेच्या पातेल्यात रात्रभर उघडं ठेवलं, गाळ बसू दिला. सकाळी वरचं वरचं निवळ घेऊन बाटली भरली.

"का ओ एवढं?"

"सरकारकडं जायचं पाणी. तसंच कसं द्यायचं?"

नंजम्मा मधेच म्हणाली, "मी दोनदा गाळलं." मग एकेक बाई पुढं आली. सगळ्यांनी तेच केलं होतं. आपल्या घरचं घाणेरडं पाणी साहेबांच्या टेबलावर जायला नको. एका वेंकटेशनं तेवढं केलं नव्हतं. त्यानं बाटलीला दोरी बांधून विहिरीत सोडली, वर ओढली, बूच मारलं आणि कामावर गेला. त्याबद्दल त्याला गल्लीनं नावंही ठेवली होती.

बाई हसायला लागल्या ते थांबेनात. पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "पेट्रोल उडतं हो. रात्रभर उघडं ठेवलं की जातं आकाशात. तुम्ही सगळ्यांनी पुरावा गाळून टाकला आणि ह्या आळशी माणसानं गल्ली वाचवली." वेंकटेश दारात उभा होता. त्याला काय करावं कळेना, त्यानं नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाटल्या स्वतः भरल्या. बाटली बादलीत बुडवायची, पाण्याखालीच झाकण लावायचं, उलटी करून बघायची, आत एक बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला तर वास त्यात जाऊन बसतो, म्हणाल्या. अंबू मदतीला होती. भरण्याआधी ती प्रत्येक बादली हुंगायची आणि सांगायची, ही जास्त, ही कमी, ही त्याच्यापेक्षा कमी. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. उत्तर आलं तेव्हा विहिरींचा क्रम जवळजवळ अंबूनं सांगितलेलाच होता. एका ठिकाणी ती चुकली होती, कारण त्या घरच्या बादलीत आदल्या दिवशी कुणीतरी रॉकेल ओतलं होतं. बाई म्हणाल्या, "ते बादलीचं चुकलं, तुमचं नाही." पुढं गल्लीत शिरल्या की हाक असायची, "अक्का, मशीन चालू आहे न्हवं?" आणि अंबू नाकाला हात लावून म्हणायची, "सरी आहे, ठीक आहे, या."

ती आरशात बघून नाकाला नावं ठेवणारी बाई होती. नाक मोठं होतं तिचं. त्या वर्षात एकदाही ठेवली नाहीत.

तर पाण्यात पेट्रोल होतं हे ठरलं. पण कुठून? रुद्रप्पा म्हणाला, "बंक खाली, गल्ली वर. माझं पेट्रोल काय चढ चढून गेलं? आणि टाकी तर मी कधीच काढून विकली." गल्लीलाही ते पटलं. वर मी, खाली ते.

बाईंनी सांगितलं की जमिनीवरचा उतार एक असतो, खालच्या पाण्याचा दुसरा असू शकतो. तो बघायचा तर सगळ्या विहिरींचं पाणी एका दमात मोजायला पाहिजे, पहाटे, कुणी एक घागरही काढण्याआधी. इथं बायका उठल्या. उंबऱ्यावर पाणी घातल्याशिवाय, रांगोळी काढल्याशिवाय दिवस सुरू कसा करायचा?

बाई म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळचं ठेवा."

"शिळं पाणी उंबऱ्याला?" नंजम्मानं कपाळाला हात लावला.

"एक दिवस चालवा. पाप माझ्या नावावर."

"तुम्ही आमच्या घरचं ताजंही घेत नाही, तुम्हाला काय पाप," नंजम्मा म्हणाली. पण ठेवलं. सगळ्यांनी ठेवलं.

त्या पहाटे गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन बाई आल्या. नळीचं एक टोक ह्या विहिरीच्या काठाशी, दुसरं त्या. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला उभं राहतं, त्यावरून कुठला काठ उंच, कुठला खाली ते कळतं. मग टेपला शिशाचं वजन बांधून प्रत्येक विहिरीत सोडायचं, पाणी किती खोल ते बघायचं. नळीचं वरचं टोक अंबूच्या हातात. "अक्का, हलू नका," बाई खालून ओरडायच्या, आणि गल्लीतली सगळी माणसं दात न घासता दारात उभी. उतारावर कुणीतरी नळीवर पाय दिला तेव्हा बाईंनी निपाणीकडची एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही. अंबूनं नंतर ती पाठ केली होती.

सगळी बेरीज झाल्यावर बाई माझ्याकडं आल्या. "गोविंदराव, रस्ता तुमच्याकडून बंककडं उतरतो. पाणी बंककडून तुमच्याकडं येतं."

मी म्हणालो, "देव पावला."

"थांबा की. का येतं ते ऐका. गल्लीत सगळ्यांत जास्त पाणी तुम्ही ओढता, मोटर लावून, दिवसभर. म्हणून ते तुमच्याकडं वाहतं. वाटेत ह्या लोकांच्या विहिरी लागतात."

"म्हणजे दोष माझा?"

"दोष मी म्हटलं नाही. वास त्यांचा, पण बोलावणं तुमचं."



मग त्यांनी माझ्या अंगणात खड्डा खणायला लावला, रंगाचं पाणी जिथून जायचं त्या चरीच्या कडेला. नंजम्माचं म्हणणं खोडायचं तर ते बघायलाच पाहिजे, रंग किती खोल गेलाय. माणसं कंबरेइतकं खाली गेली आणि बाईंनी मला हाक मारली.

खड्ड्याच्या भिंतीवर रंगांचे पट्टे होते. वरती राणी आणि पोपटी, ते माझे, हल्लीच्या फॅशनचे. त्याखाली मेंदी, किरमिजी, ते वडिलांच्या हातचे. आणि सगळ्यांत खाली एक निळा पट्टा. काळपट निळा. माझे आजोबा निळीचं काम करायचे. मी लहान असताना त्यांचे हात कोपरापर्यंत निळे बघितलेले आहेत, जाळले तेव्हाही नखं निळी होती. मी खड्ड्यात उतरलो आणि त्या पट्ट्याला हात लावला. त्याच्याखाली नुसता तांबडा मुरूम, कोरा.

बाईंना नेहमी घाई असायची. मोपेड कधी नीट उभीसुद्धा करायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. मजुरांना त्यांनी हातानंच थांबवलं. मी वर आल्यावरच उठल्या.

"रंग हितंच थांबलाय, गोविंदराव," त्या म्हणाल्या. "तुमच्या मातीनं सगळा धरून ठेवला. कुणाच्या विहिरीत गेला नाही."

मग त्यांनी आमच्या विहिरीचं पाणी एका छोट्या नळीत घेतलं आणि त्यात कसल्याशा औषधाचा थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"हे काय?"

"मीठ. रंग धरायला तुम्ही हंड्यात मीठ टाकता न्हवं? मीठ माती धरत नाही. ते उतरलंय, मोटर नव्हती तेव्हापासून, खालच्या विहिरींतही."

मी अंबूकडं बघितलं. भाकरीला मीठ कमी लागतं हल्ली, असं तीच म्हणायची.

शेवटचा दिवस बंकमधला. कार्पोरेशनचा माणूस होता, रुद्रप्पा होता, सगळी गल्ली पत्र्याच्या आत गवतात उभी. रुद्रप्पा पुन्हा पुन्हा सांगत होता, टाकी काढली, विकली. बाईंनी वाद घातला नाही. जिथं आधी पेट्रोल भरायची मशीन असायची तिथून मोजून पावलं टाकली, गिरमिट लावला आणि फिरवायला लागल्या. घाम आला, पदर कमरेला बांधला. थोडं खाली गेल्यावर गिरमिट ठण्ण करून थांबला. बाजूला सरकून पुन्हा लावला, तो खाली गेला. वर आला तेव्हा त्याला काळी माती होती, चकाकणारी. बाईंनी ती हुंगली नाही. गरजच नव्हती. सगळ्यांनी पदर नाकाला लावले. आणि खरं सांगतो, माझ्यासारख्या नाक गेलेल्या माणसालाही तो वास आला. डोळ्यांत पाणी आलं, ते वासानं की कशानं ते सोडा.

टाकी काढली नव्हती. तोंडातून वाळू ओतून तिथंच बुजवली होती, आणि तळाचं पेट्रोल आतच. पत्रा गंजला, ते जमिनीत उतरत राहिलं.

रुद्रप्पा लाल झाला. "ह्या मॅडम त्याच्याच भाषेच्या आहेत," तो कन्नडमधून ओरडला. "घरात बसून मराठीत बोलतात, चिवडा खातात. रंगाऱ्याची बाजू घेणारच."

गल्लीतल्या काहींनी माना हलवल्या, मी बघितलं. बाईंनी गिरमिट जमिनीत उभा रोवला, हात साडीला पुसले आणि कन्नडमधून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"ऐका. गोविंदरावांच्या मिठानं गल्लीच्या विहिरी खारट झाल्यात. हे मी लिहिलंय. त्यांच्या मोटरनं तुमचं पेट्रोल गल्लीत ओढलं. तेही लिहिलंय. पाण्यात पेट्रोल आहे ते ह्या टाकीचं आहे. तेही लिहिलंय. चिवडा चांगला होता."

मग माझ्याकडं वळून मराठीत, "मीठ तुमचं, वास त्यांचा. आता माझं मत झालं."

माझं तोंड उतरलं. गल्लीपुढं माझं मीठ काढायची काय गरज होती, असं मला वाटलं. आपलं माणूस म्हणून धरून चाललो होतो. घरी येऊन मी अंबूला तसं म्हणालो. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मीठ सांगितलं म्हणून वास खरा वाटला लोकांना. नाहीतर रुद्रप्पाचंच खरं ठरलं असतं."

आणि तसंच झालं. नंजम्मा संध्याकाळी आली, चौकटीला टेकली. "गोविंदण्णा, मिठाचं बघ बाबा काहीतरी," एवढंच म्हणाली. रंगाचं पुन्हा कुणी काढलं नाही. कुलूप लागलं नाही.

टाकी निघाली. काळी माती लॉऱ्यांत भरून नेली. बंकच्या कडेला नवीन बोअर मारून तिथून पाणी ओढायला लावलं, म्हणजे वास माघारी फिरेल. मी बाईंनी सांगितलं तशी चर सिमेंटनं बांधली, मिठाचं पाणी साठवायला टाकं केलं, मोटर कमी वेळ चालवायला लागलो. प्यायला कार्पोरेशनचा नळ मिळाला. बाई वर्षातून दोनदा येत राहिल्या, बाटल्या भरत राहिल्या, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत राहिल्या. अंबू दर खेपेला पेला पुढं करायची, त्या दर खेपेला हात जोडायच्या. आता त्यात राग राहिला नव्हता, खेळ झाला होता.

मग त्या निवृत्त झाल्या. निपाणीला परत जायचं ठरलं. जाण्याआधी एका सकाळी आल्या त्या रिक्षातून. मोपेड विकली होती, गिरमिट ऑफिसात जमा केला होता. बाईंच्या हातात काही नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं. खांद्याला बाटलीची पिशवीही नव्हती.

"अक्का, पाणी द्या की," त्या म्हणाल्या.

अंबूनं मला काढू दिलं नाही. स्वतः विहिरीवर गेली, दोरीनं घागर काढली, गाळली नाही, तसाच पेला भरून आणला. बाईंनी तो हातात घेतला आणि परत अंबूपुढं धरला.

"शेवटच्या बाटल्यांचं उत्तर आलंय, काही नाही म्हणून. पण तुमच्या मशीनवर बघून सांगा."

अंबूनं पेला नाकाशी धरला. डोळे मिटले, मान लववली, अगदी बाई माती घेऊन करायच्या तशी. बराच वेळ घेतला. बाई उभ्या होत्या, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"काही नाही," अंबू म्हणाली.

बाईंनी पेला वर करून प्यायला सुरुवात केली आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. मग जिभेनं ओठ चाटले, माझ्याकडं बघितलं.

"खारट आहे हो गोविंदराव. मीठ अजून तुमचंच आहे."

अंबू अशी हसली की तिला विहिरीचा काठ धरावा लागला. बाईंनी तिचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला. "येतो," म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या. गल्लीच्या उतारावरून रिक्षा खाली जाताना त्यांनी मागं वळून नाकाला बोट लावलं, अंबूनंही लावलं. मी बाईंना बघितलं ते तेवढंच. त्या वारल्याची बातमी पुढं निपाणीच्या एका पाहुण्याकडून कळली.

भट्टी मी केव्हाच बंद केली. अंबूला शेवटी शेवटी कशाचाच वास येईनासा झाला, अगरबत्तीचाही नाही. विहीर आहे. सकाळी मी एक पेला काढतो आणि तोंडाला लावायच्या आधी सवयीनं दाराकडं धरतो. वास आहे का नाही ते मला कळत नाही. सांगणारी गेली. पितो, आणि खारट लागतं.